कमावत्या माणसाचा रकाना

१९७१ साली नगरच्या कॉलेजात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला शेळकेसरांनी एक नवा विषय सुरू केला. विषयाचं नाव लांबलचक होतं, ‘कुटुंबाचं अर्थनियोजन आणि सल्ला’. पोरं त्याला नुसतं ‘घरखर्च’ म्हणत आणि हसत. कॉलेजात शिकायची ही काय गोष्ट झाली, असं सगळ्यांनाच वाटे. कानिफनाथ शेळके मात्र पहिल्याच तासाला म्हणाले होते, “सरकारचं बजेट तुम्हाला पाठ आहे. तुमच्या घरात महिन्याला रॉकेल किती लागतं, सांगा बरं?” एकतीस पोरं आणि चार पोरी, कुणालाच सांगता आलं नव्हतं.

त्या चार पोरींतली एक राही. गाव पाथर्डीकडचं. मॅट्रिक झाल्यावर तिचे मामा आप्पासाहेब तिला नगरला घेऊन आले. मामा नगरपालिकेच्या शाळेत मास्तर होते आणि शाळा सुटली की सायकलवर फिरून विम्याचं एजंटपण करायचे. माळीवाड्यात त्यांच्या दोन खोल्या होत्या. पोरीला इतकं कशाला शिकवायचं म्हणून राहीचे वडील अडून बसले होते, तेव्हा मामा त्यांना म्हणाले होते, “फी मी भरतो. तुम्ही फक्त तिला पाठवा.” आणि ती त्यांनी भरली. कधी बोलून दाखवलं नाही.

सरांनी प्रत्येकाला एकेक कुटुंब नेमून दिलं. सहा महिने त्यांच्या घरी जायचं, मिळकत समजून घ्यायची, खर्च समजून घ्यायचा आणि शेवटी पुढच्या पाच वर्षांचा सल्ला लेखी करून त्यांना समजावून सांगायचा. चिठ्ठ्या वाटताना सर म्हणाले, “एक गोष्ट ध्यानात ठेवा. तुमच्या सल्ल्यात तुमचा किंवा तुमच्या माणसांचा काही लाभ गुंतला असेल, तर तो पहिल्या भेटीतच सांगायचा. मागाहून सांगाल तर ती लबाडी.”

राहीच्या चिठ्ठीवर होतं : रंभाजी ताकवणे, हेल्पर, नागापूर.

नागापूरला तेव्हा कारखाने नुकते कुठे उभे राहत होते. अर्ध्या भिंती बांधलेल्या, मध्ये उघडं माळरान, आणि कडेला कामगारांच्या पत्र्याच्या खोल्यांची रांग. राही जुलैतल्या एका रविवारी सकाळी एस.टी.तून उतरली आणि विचारत विचारत शेवटच्या खोलीपाशी पोचली. रंभाजी बाहेर खुर्चीवर बसून खोकत होते. शेहेचाळीस वर्षांचा माणूस, पण अंगावर मांस नव्हतं. कारखान्यातल्या धुळीनं छाती धरली होती. आत चुलीपुढं त्यांची बायको भामाबाई भाकरी थापत होती. बोलताना तिचा हात एकदाही थांबला नाही.

राहीनं छापील तक्ता काढला. घरात माणसं किती, दोन. एकच लेक, ती नांदायला गेलेली. कमावती माणसं किती?

“येक,” रंभाजी म्हणाले. “मीच.”

“आणि मावशी, तुम्ही?”

“मी काय, घरीच असते,” भामाबाई म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

राहीनं रकान्यात एकचा आकडा घातला. टोपलीत भाकरींची चळत काठाच्या वर गेली होती, ती तिला दिसत होती. खातं घर आहे, एवढंच तिच्या मनात आलं.

मग रंभाजींनी ट्रंकेतून विम्याचा कागद काढला. तो त्यांनी नव्या धोतरात गुंडाळून ठेवला होता. पाच हजारांची पॉलिसी, तीन वर्षांपूर्वीची, दर तीन महिन्यांना चौऱ्याऐंशी रुपये हप्ता. खाली एजंटची सही होती. ती सही राहीनं शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर, पोस्टकार्डांवर, स्वतःच्या फीच्या अर्जावर शंभर वेळा पाहिली होती.

‘हे माझे मामा’ असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण रंभाजी म्हणाले, “लई मोठा मानूस हाय एजंट. वाघ हायेस तू रंभाजी, म्हनला, वाघाचा इमा असाया पायजे.” आणि राहीला कसंसंच झालं. मामा असं बोलतात हे तिला ठाऊक नव्हतं. पुढच्या वेळी सांगू, असं तिनं स्वतःला बजावलं. पुढच्या वेळीही तिनं सांगितलं नाही.

घरी येऊन तिनं बेरीज मांडली, तर ती जुळेना. खाडे जाऊन रंभाजींच्या हातात महिन्याला एकशेदहा रुपये पडत. भाडं, वाणी, दवाखाना आणि हप्ता धरला तर ते वीस तारखेलाच संपायला हवे होते. आणि तरी त्या घरात वाण्याची उधारी नव्हती. उलट दिवाळीला लेकीला नवं लुगडं गेलं होतं. पैसे कुठून येतात?

नोव्हेंबरात एकदा कॉलेजला सुट्टी होती म्हणून ती मंगळवारीच गेली, तीही सकाळी साडेदहाला. खोलीच्या ओट्यावर डब्यांची रांग लागली होती. पितळी डबे, जर्मनचे डबे, एक तर तुपाचा रिकामा डबा कडी लावून केलेला. कारखान्यातली माणसं येत होती, आपापला डबा उचलून चालू लागत होती. राहीनं मोजले. चौदा.

“मावशी, हे काय?”

“हे व्हय? कारखान्यातली मानसं हायेत. येकटीच ऱ्हात्यात बिचारी. त्यांचं दोन येळचं करते मी.”

“फुकट?”

भामाबाई पहिल्यांदाच हात थांबवून हसली. “फुकट कोन करंल बाई? चाळीस रुपये म्हयना देत्यात.”

“मग पहिल्या दिवशी घरीच असते म्हणालात!”

“मंग घरीच तर असते की. मी कुठं जाते?”

राही ओट्यावरच बसली. वही उघडून तिनं विचारायला सुरुवात केली आणि तिला दिसलं, की या बाईला एकही आकडा लिहून ठेवायची गरज नव्हती. एका डब्याला ज्वारी किती, डाळ किती, तेल, मिरची, लाकडं, सगळं ती झोपेतून उठवलं तरी सांगू शकली असती. एका डब्यामागं महिन्याला बारा रुपये सुटत. चौदा डब्यांचे झाले एकशे अडुसष्ट. म्हणजे घर रंभाजींच्या पगारावर चालत नव्हतंच. ते या चुलीवर चालत होतं, आणि नवरा-बायको दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. डब्यांचे पैसे येत तसे किराण्यात, दवाखान्यात, विम्यात जिरून जात. भामाबाईच्या नावावर कुठं एक पैसा नव्हता. चार वर्षांत ज्वारीचा भाव कुठच्या कुठं गेला होता, पण डब्याचा दर तोच होता.

राहीनं तक्त्यातला एकचा आकडा खोडला आणि दोनचा लिहिला. मग तिला विम्याचा कागद आठवला. मामांनी विमा उतरवला होता, पण भलत्याच माणसाचा.

जानेवारीत संक्रांतीच्या आठवड्यात भामाबाईच्या उजव्या हातावर उकळती आमटी सांडली. राही गेली तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी होती आणि चूल थंड होती. डबे बंद होऊन बारा दिवस झाले होते. रंभाजी बाहेर डोकं धरून बसले होते.

“या म्हयन्यात हप्ता बी हाय,” ते म्हणाले.

“कसा भरणार, काका?”

“एजंटसायेब भरत्याल. उन्हाळ्यात दोन म्हयने तापानं पगार बुडला, तवापास्नं मागचे दोन बी त्यांनीच भरले न्हवं का. म्हनले, रंभाजी, पॉलिसी बंद पडू द्यायची न्हाई. जमंल तवा दे मला.”

मामांचा पगार तिला माहीत होता. घरात तेल किती आणि कसं येतं हेही माहीत होतं. आता गप्प राहणं तिला शक्यच नव्हतं. ती आत गेली आणि भामाबाईपुढं बसली.

“मावशी, एक सांगायचं राहिलंय. पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. ते एजंट माझे सख्खे मामा आहेत. मी त्यांच्याच घरी राहते. माझी फी तेच भरतात.”

भामाबाईनं मनातल्या मनात महिने मोजले.

“सहा म्हयने सांगितलं न्हाईस.”

“नाही.”

“का गं?”

“लाज वाटली. आधी त्यांची, मग माझी.”

“हं,” भामाबाई म्हणाली. तिनं दुखऱ्या हाताखाली उशी सारखी केली. “माझ्या मनात पाप न्हाई आलं तुझ्याबद्दल. पन आता येक सांग पोरी. तू जे कागदावं लिवनार हायेस, ते मामाच्या बाजूचं का माझ्या बाजूचं?”

“तुमच्या.”

“मंग मामाला आधी सांग. माझ्या दारात भांडन नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा अंगणात सायकलच्या चेनीला तेल देत होते. राही समोर जाऊन उभी राहिली.

“मामा, रंभाजी ताकवण्यांचे दोन हप्ते तुम्ही भरलेत?”

मामांनी वर पाहिलं. “तुला कुणी सांगितलं?”

“त्यांनीच. मला कॉलेजातून दिलेलं घर तेच आहे.”

मामा क्षणभर गोंधळले, मग हसले. “बरं मग? चांगलंच केलं ना? राही, माझे वडील गेले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो आणि तुझी आई नऊ. घरात एक असा कागद असता, तर तिला दुसऱ्याच्या रानात खुरपायला जावं लागलं नसतं. तेव्हाच ठरवलं मी, जमेल त्या घरात तो कागद ठेवायचा. कमिशन मिळतं, नाही म्हणत नाही. पण नुसत्या कमिशनसाठी नाही करत मी.”

हे राहीला नवं होतं. आईनं तिला कधी सांगितलं नव्हतं. बोलणं तिथंच सोडून द्यावं असं तिला क्षणभर फार वाटलं.

“पण मामा, ते घर रंभाजीकाका चालवत नाहीत. भामामावशी चालवतात.”

“म्हणजे?”

“चौदा डबे करतात त्या. त्यांचा हात भाजला आणि बारा दिवसांत घर बसलं. काकांना दोन महिने ताप आला होता, तेव्हा हप्ते सोडले तर काही अडलं नव्हतं. तुम्ही विचारलंत का कधी?”

“मी बाहेरच बसतो. बाई माणसाला काय विचारायचं?”

मामांनी तेलाची बुधली खाली ठेवली. मग त्यांचा आवाज चढला. “म्हणजे मी चुकीचा विमा विकला, असं म्हणतेस तू.”

“हो,” राही म्हणाली.

“तुझी फी याच विम्यावर भरली गेली, हे ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे, मामा.”

मामांनी सायकल उचलली आणि चहा न घेताच शाळेत गेले. त्यानंतर आठ दिवस ते राहीशी बोलले नाहीत. काही हवं असलं तर मामीकडं निरोप ठेवत. राहीला जेवण जाईना. पुस्तकं बांधून गावी निघून जावं, असं दोनदा तिच्या मनात आलं. एका दुपारी मामी, मालनबाई, शिलाई मशीनवर ब्लाउज शिवत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “ते दोन हप्ते माझ्या शिलाईतून गेले. मला विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. तू बोलली नसतीस तर तिसराही गेला असता. आणि ज्यांचे हप्ते हे भरतात ते एकटे रंभाजीच नाहीत, चौघं आहेत. हे रोज त्यांचा हिशेब जुळवतात आणि वही मिटतात. ते तुझ्यावर नाहीत गं चिडले. राहा गप्प दोन दिवस.”

नवव्या दिवशी जेवताना मामा ताटाकडं बघत म्हणाले, “रविवारी मीही येतो नागापूरला.”

रंभाजींनी लगबगीनं खुर्ची पुसली. मामा बसले नाहीत. दारात उभे राहून त्यांनी विचारलं, “ताई, आत येऊ का?” आणि चुलीशेजारी पाटावर बसले. पुढचा दीड तास मामा विचारत होते आणि भामाबाई सांगत होती. मामा गणित शिकवणारे मास्तर. तिचे तोंडी हिशेब ऐकून त्यांनी दोनदा बोटांवर मोजून पडताळून पाहिलं आणि दोन्ही वेळा मान हलवली.

मग राहीनं आपला कागद वाचला. रंभाजींच्या पॉलिसीला तीन वर्षं भरली होती, त्यामुळे पुढचे हप्ते थांबवून ती तशीच ठेवता येत होती. आतापर्यंत भरलं त्या मानानं रक्कम मुदतीला मिळणार होती. वाचलेल्या पैशांतून पोस्टात भामाबाईच्या नावानं दर महिन्याला भरायचं खातं. डब्याचा दर चाळीसाचा सेहेचाळीस. शेजारच्या कलाबाईला भाकऱ्यांच्या कामाला घ्यायचं, म्हणजे एक हात दुखला तरी चूल विझणार नाही. आणि मामांच्या दोन हप्त्यांचे पैसे दर महिन्याला थोडेथोडे करून परत.

रंभाजी सगळं ऐकत होते. मग एकदम म्हणाले, “म्हंजे माझा इमा बंद? मला किंमतच न्हाई म्हना की.”

राहीनं हे आपल्या कागदात कुठंच धरलं नव्हतं. तिनं मामांकडं पाहिलं, तर मामाही खाली बघत होते.

भामाबाईच बोलली. “किंमत इम्यानं येत आसती तर तुमी तीन वर्सात बरं झाला आसता. दर तीन म्हयन्याला त्या हप्त्याच्या काळजीनं तुमी दवाखाना चुकीवता. मला ठावं न्हाई व्हय? त्ये पैसे वाचले की आदी छातीचं औषीद. मला तुमी जित्ते पायजेत.”

रंभाजी उठून बाहेर गेले. दोन मिनिटांनी परत आले आणि मामांना म्हणाले, “कुटं सही करायची ती दावा, मास्तर.”

दर वाढवल्यावर भामाबाईची चार माणसं सोडून गेली. ती आठ दिवस राहीशी जरा घुश्शातच बोलत होती. मग त्यांतली दोघं परत आली, कारण दुसरीकडं आमटीत डाळ शोधावी लागत होती. एक नवाही आला. मार्चमध्ये मामा स्वतःहून भामाबाईच्या नावाची लहानशी पॉलिसी घेऊन गेले. या खेपेला आधी हप्ता किती झेपेल ते विचारलं आणि मगच रक्कम ठरवली. फॉर्म भरताना धंद्याच्या ओळीवर त्यांचं पेन थांबलं.

“काय लिहू, ताई?”

भामाबाईनं ओट्यावरच्या डब्यांकडं नजर टाकली. “खानावळवाली लिवा. चौदा डबे म्हनू नका, सध्या तेराच हायेत. खरं हाय त्येच लिवा.”

एप्रिलात तोंडी परीक्षा झाली. शेळकेसरांनी राहीचा सगळा कागद वाचला, मामांचं प्रकरणही तिनं त्यात लिहिलं होतं. पन्नासपैकी त्यांनी तिला पस्तीस मार्क दिले. “त्रेचाळीस देणार होतो,” ते म्हणाले. “आठ कापले. का, ते तुला माहीत आहे.” राहीला राग आला, घरी येईपर्यंत राहिला, आणि जेवताना मामांना सांगताना गेला. मामा म्हणाले, “मी दहा कापले असते.” मामी हसल्या. आता मामांच्या वहीतल्या उरलेल्या तीन घरांकडं जायचं होतं, आणि कुठल्या घरी आधी जायचं यावरून मामा-मामींचं रोज बोलणं होत होतं.

परीक्षा संपल्यावर सरांनी राहीला बोलावून घेतलं. श्रीरामपूरला छगन नावाचा त्यांच्या ओळखीचा एक रेल्वेचा सांधेवाला, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा, मे अखेरीला नोकरीतून मोकळा होत होता. हातात एकदम फंडाचे पैसे येणार आणि घरात सल्ला विचारायला कुणी नाही. या कामाचा मार्कांशी काही संबंध नव्हता. जाण्यायेण्याचा खर्च तो देणार होता.

“जाशील?” सरांनी विचारलं.

“त्यांना आधी पत्र लिहायला सांगा,” राही म्हणाली. “त्यांना काय हवंय ते त्यांच्याच शब्दांत.”

जूनच्या पहिल्या आठवड्यात माळीवाड्याच्या पत्त्यावर पोस्टकार्ड आलं. अक्षर वाकडंतिकडं होतं, पण मजकूर स्वच्छ होता : ‘फंड मिळाला. ही बातमी मी कोणाला सांगितली नाही, तरी कालपासून घरी पाहुणे येऊ लागले आहेत. चार आले, अजून येणार आहेत. तरी बाईंनी लवकर निघावे.’

राहीनं मामांना कार्ड वाचून दाखवलं, मामींनी दोन भाकऱ्या आणि ठेचा बांधून दिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीरामपूरवरून मनमाडकडं जाणाऱ्या पॅसेंजरचं तिनं तिकीट काढलं.